जुनी गाडी सुरू होत नाही: कार्ब्युरेटर उघडण्याआधी प्लग काढून बघा

कार्ब्युरेटर साफ झाला, प्लग नवे टाकले, फिल्टर बदलला. चार दिवस गाडी बरी चालली आणि पुन्हा तेच. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, पण पंधरा मिनिटं उभी केली की हटून बसते. नाहीतर नेमकं उलट: एकदा गरम झाली की काही त्रास नाही, सकाळी मात्र बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारावा लागतो.

इथे जुनी गाडी म्हणजे कार्ब्युरेटरची, पॉइंट-कंडेन्सरच्या इग्निशनची (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्रणेची) आणि इंजिनावर बसवलेल्या यांत्रिक पेट्रोल पंपाची गाडी. तिच्यात लक्षण एकच दिसतं, पण कारणं एकमेकांच्या विरुद्ध असू शकतात. पेट्रोल कमी पडलं तरी इंजिन पेटत नाही आणि जास्त झालं तरी पेटत नाही. दोन्हींचे उपाय उलटे आहेत, त्यामुळे एकावरचा इलाज दुसऱ्यावर केला की तक्रार वाढते. म्हणून कुठलाही सुटा भाग घेण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं मिळवा. प्लगला जोरदार स्पार्क येतोय का? आणि गाडी हटून बसली त्याच क्षणी प्लग ओला आहे की कोरडा?

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. पेट्रोलची नळी सोडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा, सांडलेलं पेट्रोल पूर्ण पुसून वाळल्याशिवाय स्पार्क तपासू नका. कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सेल्फ मारण्याची सवय अनेकांना असते. ती सोडाच. इंजिनाने उलटा भडका मारला तर तो थेट ओतणाऱ्याच्या हातावर येतो.

सेल्फ मंद असेल तर पेट्रोलकडे वळू नका

सेल्फ जड फिरत असला की बॅटरीचे व्होल्ट खाली जातात, कॉइलला (प्लगसाठी जास्त व्होल्ट तयार करणारा भाग) पुरेसा करंट उरत नाही, स्पार्क कमजोर पडतो आणि आळ कार्ब्युरेटरवर येतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. सेल्फ फिरताना बॅटरीच्या खुंट्यांवर ९.६ व्होल्टपेक्षा कमी दिसायला नकोत.

बॅटरी चांगली असूनही सेल्फ मंद असेल तर केबल तपासा. कॉइलची बारीक वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचे बोल्ट खराब आहेत. पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत ०.५ व्होल्टपर्यंत चालतं. केबल टर्मिनलवर ताणून बसलेली दिसते आणि आतून हिरवी पडलेली असते, म्हणून नुसतं बघून समाधान मानू नका. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा.

स्पार्क

गाडीचे प्लग जागेवरच राहू द्या. एक जादा प्लग घेऊन तो वायरच्या टोपीत बसवा आणि त्याचा धातूचा भाग चिमट्याने इंजिनाला घट्ट अर्थ करा. प्लगचं भोक उघडं ठेवून ही चाचणी केली तर सिलिंडरमधून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो आणि तो पेटू शकतो. स्पार्क निळसर, टक-टक आवाज करणारा हवा. पिवळा, बारीक, मध्येच गायब होणारा स्पार्क म्हणजे दोष इग्निशनमध्ये आहे. कार्ब्युरेटरला हात लावायचं कारण नाही.

कॉइलच्या मधल्या जाड वायरला जोरदार स्पार्क आहे पण प्लगच्या वायरला नाही, तर डिस्ट्रिब्युटरमधला, म्हणजे प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागातला, फिरता रोटर किंवा त्याची कॅप दोषी. रोटरला केसाएवढी चीर गेली तरी करंट तिच्यातून शाफ्टवर उतरतो. कॅपच्या आत ओल किंवा कार्बनची काळी रेघ दिसली तर तेच कारण. कॉइलच्याच वायरला स्पार्क कमजोर असेल तर पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप होणारे संपर्क, बघा. पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर येईल असं इंजिन फिरवून फीलर गेजने अंतर मोजा. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांना ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागतं, पण आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा शेवटचा मानायचा. पॉइंटवर तेलाचा डाग असला तर स्वच्छ जाड कागद मध्ये धरून ओढून काढा. किल्ली चालू ठेवून पॉइंट स्क्रू-ड्रायव्हरने उघडताना त्यांच्यामध्येच मोठी पिवळी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा भाग) गेला. बारीक निळी ठिणगी नेहमीची.

एक जागा हमखास निसटते. डिस्ट्रिब्युटरच्या आत, पॉइंट बसवलेल्या प्लेटला जाणारी छोटी लवचीक वायर. व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे (इंजिनाच्या ओढीनुसार स्पार्कची वेळ बदलणारी यंत्रणा) प्लेट सारखी हलते, वायरच्या आतल्या तारा एकेक तुटतात आणि वरचं आवरण शाबूत राहतं. कधी सुरू, कधी बंद, कधी नुसती मिसिंग अशी विचित्र तक्रार असेल तर ती वायर हळूच ओढून बघा. रबरासारखी ताणली गेली तर बदला.

सेल्फ मारताना इंजिन पेटतं आणि किल्ली सोडली की लगेच बंद पडतं, हे लक्षण फार मोलाचं आहे. अनेक जुन्या गाड्यांत कॉइलच्या वाटेवर बॅलास्ट रेझिस्टर असतो. सेल्फ फिरताना त्याला वगळून कॉइलला बॅटरीचे पूर्ण व्होल्ट मिळतात, किल्ली मागे आली की करंट रेझिस्टरमधून जातो. तो तुटला असेल तर इंजिन नेमकं त्याच क्षणी मरतं. यावर पेट्रोलचा कुठलाही इलाज चालणार नाही. नवी कॉइल बसवताना हेही जपा: रेझिस्टर असलेल्या गाडीला साधारण १.५ ओहमची कॉइल लागते, नसलेल्या गाडीला ३ ओहमची. १.५ ची कॉइल रेझिस्टरशिवाय लावली तर ती तापते आणि पॉइंट जळतात.

प्लग कोरडा: पेट्रोल चढत नाही

स्पार्क चांगला आहे, सेल्फ जोरात फिरतोय आणि तरी प्लग कोरडाच. आता एअर फिल्टर काढा, इंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरच्या घशात बघत ॲक्सिलरेटरची तार हाताने झटकन ओढा. पेट्रोलची बारीक धार उडायला हवी. धार आली म्हणजे बाउलमध्ये, कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या भांड्यात, पेट्रोल आहे. मग चोक (हवा कमी करणारी पाती) आणि जेटचा (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) विचार करा. धार आलीच नाही तर बहुधा बाउल रिकामा आहे.

गाडी दोन-तीन आठवडे उभी असेल तर बाउल रिकामा असणं हा दोष नाही. पेट्रोल उडून जातं आणि यांत्रिक पंपाला ते टाकीपासून पुन्हा ओढावं लागतं. पंपाचा दांडा कॅमशाफ्टवर चालतो, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंपाचा एकच ठोका. सेल्फवर मिनिटाला २०० फेऱ्या धरल्या तर दहा सेकंदांत जेमतेम सोळा-सतरा ठोके होतात. तेवढ्यात बाउल भरेलच असं नाही.

रोजच्या वापरातल्या गाडीत मात्र शोध घ्यावा लागतो. कार्ब्युरेटरकडे येणारी नळी सोडून तिचं टोक पारदर्शक बाटलीत घाला, कॉइलची बारीक वायर काढा, बाटली इंजिनापासून लांब धरा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. पेट्रोल जोरदार ठोक्यांनी यायला हवं. ठोके चांगले आले तर अडथळा कार्ब्युरेटरच्या तोंडाशी आहे: तिथली बारीक जाळी तुंबली असेल किंवा निडल (बाउलमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) बंद स्थितीत चिकटली असेल. पेट्रोलबरोबर सतत बुडबुडे येत असतील तर लाइन हवा घेतेय. काहीच येत नसेल तर पंप किंवा त्याच्या मागची लाइन.

पंप आणि लाइन यातलं कोण दोषी, हे एका चाचणीत कळतं. पंपाच्या टाकीकडच्या तोंडाला वेगळी नवी नळी लावा, तिचं दुसरं टोक स्वच्छ पेट्रोलच्या बंद झाकणाच्या छोट्या डब्यात सोडा. डबा सायलेन्सरपासून दूर आणि घट्ट बांधलेला असावा. आता पंप नीट फेकू लागला तर तो निर्दोष आहे. तरीही नसेल तर पंप उघडा: डायफ्राम (पंपातला लवचीक पडदा) फाटला असेल, झडपांत कचरा असेल किंवा दांडा झिजला असेल. पंपाच्या पोटाला असलेल्या छोट्या छिद्रातून पेट्रोल गळणं ही फाटलेल्या डायफ्रामचीच खूण. तेलाची पट्टीही काढून बघा. तेलाची पातळी वाढलेली आणि वासाला पेट्रोल असेल तर पेट्रोल तेलाच्या चेंबरमध्ये उतरतंय. अशा तेलावर इंजिन चालवू नका. बेअरिंग खराब होतात. पंप दुरुस्त करून तेल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला.

पंप बसवताना त्याच्या आणि इंजिनाच्या मधला जाड पॅकिंगचा तुकडा तितक्याच जाडीचा ठेवा. तो उष्णता अडवतो, शिवाय दांड्याची फेक किती हे त्यावर ठरतं. जास्त जाड झाला की पंप कमी फेकतो.

लाइन हवा घेत असेल तर गळती डोळ्यांना दिसत नाही, हीच अडचण. टाकी ते पंप हा भाग ओढीचा आहे. तिथल्या फटीतून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. लोखंडी पाइपला जोडणारे रबरी तुकडे आणि त्यांच्या क्लिपा हे पहिले संशयित. जुनं रबर वरून ठीक दिसतं आणि आतला थर सुटून झडपेसारखा लोंबतो. ओढ वाढली की वाट बंद करतो. त्यामुळे गाडी हळू वेगात ठीक चालते, चढावर मात्र आचके देते. रबर कडक, चिरा पडलेलं किंवा चिकट झालं असेल तर एकच तुकडा न बदलता सगळे बदला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी ‘एसएई जे३० आर९’ असा छाप असलेली नळी घ्या. साध्या जुन्या रबराला इथेनॉल फुगवतं आणि त्याचे काळे कण निडलपाशी येऊन बसतात.

कार्ब्युरेटर साफ केला की चार दिवस बरं आणि मग पुन्हा तेच, या चक्राचं मूळ बहुतेक वेळा टाकीत असतं. तळाशी गंज आणि गाळ असतो, तो ओढीबरोबर टाकीतल्या जाळीवर येऊन बसतो. गाडी बंद करून थोडं थांबलं की खाली पडतो आणि गाडी पुन्हा चालू लागते. पंपापाशी लाइन सोडून, टाकीचं झाकण उघडं ठेवून पायपंपाने उलटी हवा मारली की बुडबुड आवाज येतो आणि तात्पुरतं भागतं. फिल्टर मध्ये असेल तर तो आधी काढा. मात्र काही दिवसांनी तक्रार परत आली, तर टाकी उतरवून धुतल्याशिवाय सुटका नाही. कार्ब्युरेटरवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

टाकीचं झाकणही बघा. पेट्रोल जितकं जातं तितकी हवा टाकीत शिरायला हवी. झाकणाचं छिद्र बुजलं की आत निर्वात तयार होतो आणि वीस-पंचवीस मिनिटं चालून गाडी मरते. त्या क्षणी झाकण उघडताना ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर निदान झालं. पारदर्शक फिल्टर अर्धाच भरलेला दिसतो म्हणून मात्र घाबरू नका. गाडी नीट चालत असताना तो तसाच दिसतो. बाण पंपाकडे आहे एवढं पाहा.

प्लग ओला: पेट्रोल जास्त होतंय

प्लग ओला, पेट्रोलचा वास, कधी घशातून धूर. अशा वेळी ॲक्सिलरेटर पुन्हा पुन्हा दाबणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण प्रत्येक दाबाला ॲक्सिलरेटर पंप आणखी एक धार आत मारतो. चोकचा दांडा पूर्ण आत ढकला म्हणजे चोकची पाती उघडी राहील, पेडल एकदाच तळापर्यंत दाबून तिथेच धरा, पाच ते आठ सेकंद सेल्फ मारा. थ्रॉटल पूर्ण उघडल्यामुळे हवा भरपूर जाते आणि सिलिंडर कोरडे होतात. पेटलं की पेडल हळूहळू सोडा. दोन प्रयत्नांत नाही झालं तर प्लग काढून वाळवा.

हे वारंवार होत असेल तर निडल आणि तिला उघडबंद करणारा तरंगता फ्लोट बघा. निडलच्या टोकाला झिजलेली गोल खाच दिसली तर निडल आणि तिची सीट दोन्ही बदला. एकच बदलून बसत नाही. पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल हलल्याचा आवाज आला तर तो फुटला आहे. नाही आला तरी आतली झिरप शोधायला गरम पाण्यात बुडवा, बारीक छिद्रातून बुडबुडे येतील. फ्लोटची पातळी पुस्तकातल्या आकड्यानेच लावा. पातळी दोन मिलिमीटर वर गेली तरी गरम इंजिनात त्रास सुरू होतो.

थंड इंजिन

थंड मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर ते सिलिंडर या वाटेच्या) भिंतींवर पेट्रोल थेंबांनी चिकटतं, वाफ कमी होते, म्हणून चोकने मिश्रण घट्ट, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, करावं लागतं. चोक ओढल्यावर वरची पाती पूर्ण बंद होते का, हे डोळ्यांनी बघा. तार ताणली गेली की ती अर्धवटच बंद होते. सुरू झाल्यावर गाडी आचके देत असेल आणि चोक थोडा ओढल्यावर सुधारत असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय: मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा व्हॅक्यूमच्या नळीतून हवा शिरतेय, नाहीतर जेट तुंबलंय. गाडी फक्त रेस ठेवल्यावरच चालते आणि सोडली की बंद पडते, तर स्लो जेट (कमी वेगाला पेट्रोल देणारं जेट) किंवा त्यावरचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) बघा. किल्ली चालू केल्यावर सोलेनॉइड ‘टक’ वाजायला हवा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवा पुरेशी आहे.

गरम इंजिन, पंधरा मिनिटं थांबलेलं

सगळ्यात जास्त चुकीचं निदान इथे होतं. इंजिन बंद झालं की पंखा थांबतो, पाण्याचं अभिसरण थांबतं, थंड पेट्रोल येणं थांबतं आणि ब्लॉकची सगळी उष्णता वर चढते. बॉनेटखालचं तापमान बंद केल्यानंतर दहा-वीस मिनिटं वाढतच राहतं. पेट्रोलमधले हलके घटक ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात, आणि थोडं इथेनॉल मिसळलं की वाफ होण्याची ओढ आणखी वाढते.

आता दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात. बाउलमधलं पेट्रोल उकळून जेटमधून मॅनिफोल्डमध्ये सांडतं. घसा ओला, वास उग्र, प्लग ओले. पंप आणि बाउलच्या मध्ये अडकलेलं पेट्रोलही तापून फुगतं आणि निडलला ढकलून आत येतं. उपाय: पेडल तळाशी धरून सेल्फ. दुसरी शक्यता, पंपात किंवा लाइनमध्ये वाफेचा बुडबुडा बसतो. पंप वाफ दाबत राहतो, पेट्रोल पुढे जात नाही. प्लग कोरडे, घशात धार नाही. इथे पेडल तळाशी धरून काहीच मिळत नाही; बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटं थांबा.

कायमचा बंदोबस्त दोन्हींसाठी सारखाच आहे. कार्ब्युरेटरखालचा उष्णतारोधक जाड ठोकळा जागेवर आहे का? मागच्या कामात तो काढून पातळ गॅस्केट लावलेलं आढळतं. एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरच्या मधला पत्रा आहे का? पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दोन-तीन बोटं दूर आहे का? एअर फिल्टरच्या नळकांड्यावर उन्हाळा-हिवाळा असा दांडा असेल तर तो उन्हाळ्यावर आहे का? हिवाळ्यावर राहिला तर फिल्टर एक्झॉस्टजवळची तापलेली हवा ओढत राहतो.

तिसरी शक्यता विसरू नका: कॉइल आणि कंडेन्सर गरम झाल्यावर मरतात आणि थंड झाले की परत जागे होतात. म्हणून चाचणी गाडी हटून बसली त्याच मिनिटाला करा. थंड झाल्यावर घेतलेला स्पार्क इथे पुरावा ठरत नाही. गरम इंजिनावर सेल्फ मध्येच उलटा झटका देत असेल तर टायमिंग फार पुढे आहे, म्हणजे स्पार्क फार लवकर पडतोय. स्पार्क, पेट्रोल, टायमिंग सगळं जागेवर असूनही फक्त गरम इंजिन सुरू व्हायला त्रास देतं, तर व्हॉल्व्हचं अंतर मोजा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घट्ट असले की तापून लांबल्यावर पूर्ण बंद होत नाहीत आणि कॉम्प्रेशन निसटतं. अंतर लावूनही फरक पडला नाही तर कॉम्प्रेशन गेज लावा. थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सगळे प्लग काढलेले असताना चारही सिलिंडरचे आकडे घ्या. प्लग काढण्याआधी कॉइलची वायर सोडायला विसरू नका. आकड्यांत १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक निघाला, तर कमी आकडा आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.